सिंगापूरला दहा तासांचा थांबा, मुस्तफात खरेदी आणि एक स्वस्त बॅग: आईबाबांसाठी सल्ला हवाय

मेलबर्नची_लेक

नमस्कार मंडळी,

आईबाबा पाच महिने माझ्याकडे राहून पुढच्या शनिवारी पुण्याला परत निघालेत. मेलबर्न ते सिंगापूर, तिथे दहा तास थांबा, मग मुंबई. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर दुपारी दीडला उतरतील, मुंबईचं विमान रात्री साडेअकराला. विमानतळावर बसून राहण्यापेक्षा लिटिल इंडिया भागातल्या मुस्तफा सेंटर या मोठ्या दुकानात जाऊन खरेदी करायची असं आईने येतानाच ठरवून ठेवलंय. चुलतबहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, त्यामुळे यादी मोठी आहे. शिवाय पाच महिने आमच्या बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालणाऱ्या शेजारच्या काकूंसाठी काहीतरी चांगलं घ्यायचंय, हे ती रोज एकदा तरी म्हणते.

अडचण बॅगेची. दोघांच्या मोठ्या बॅगा इथूनच थेट मुंबईपर्यंत जाणार. खरेदी ठेवायला तिथेच एखादी स्वस्त बॅग घ्यावी म्हणते. कुठे घ्यावी, किती पैसे मोजावेत, आणि ती बॅग चांगीच्या काउंटरवर नव्याने घेतात का? बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, त्यामुळे फार पायपीट नको.

सेरंगूनकर

आईबाबांचं स्वागत आहे आमच्या गावात. अकरा वर्षं इथे राहतोय, दर महिन्याला कुणा ना कुणासाठी हाच प्रश्न सोडवतो.

बॅगेच्या आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर सिंगापुरात बाहेर पडायला व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान, जर्मनी, स्वित्झर्लंड यांपैकी एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल आणि त्या देशात जाताना किंवा तिथून परतताना थांबत असाल, तर ९६ तासांची विनाव्हिसा सवलत मिळते. आईबाबांचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे की एकदाच, आणि मुदत किती उरलीय, ते आत्ताच बघ आणि आयसीएच्या (सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या) पानावरच्या अटींशी ताडून पाहा. शेवटचा निर्णय इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याचा. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरण्याआधी भरायचा फॉर्म, येण्याच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन भरता येतं, ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट निघाल्यात, तिथे भरू नकोस.

आता बॅग. लिटिल इंडियात स्वस्त बॅगा मिळण्याला कारण आहे. इथे बांधकामावर, गोदीत काम करणारे तमिळ आणि बांगलादेशी कामगार वर्षा-दोन वर्षांनी घरी जातात आणि बायकोमुलांसाठी बॅग भरून नेतात. त्यांच्यासाठीच सय्यद अल्वी रोड, डेस्कर रोड, लेंबू रोड या पट्ट्यात बॅगांची दुकानं आहेत. मुस्तफाच्या आतही बॅगांचा मोठा विभाग आहे. ऑर्चर्ड रोडच्या लकी प्लाझातही अशाच बॅगा मिळतात, तिथलं गिऱ्हाईक फिलिपिनो बायका. पण तुम्हाला मुस्तफालाच जायचंय, तर ऑर्चर्डचा फेरा कशाला.

शनिवार आहे हे बरं. रविवारी संध्याकाळी या भागात कामगारांची सुट्टी असते, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

मेलबर्नची_लेक

व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे, मार्चपर्यंत. कामगारांचं कारण माहीत नव्हतं. आईला सांगितलं तर म्हणाली, मग तिथलीच बॅग घेऊ, ती लोकं पारखून घेत असतील.

घडीची_पिशवी

बॅग विकत घेऊच नका असं सुचवते. घडी घालून मुठीएवढी होणारी कापडी डफल, म्हणजे बिनचाकांची प्रवासी पिशवी, मिळते, जेमतेम अर्धा किलो वजन. मेलबर्नहूनच न्या. ऑप शॉपमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, तर वापरलेल्या बॅगा चहाच्या पैशात मिळतात, फक्त वास घेऊन आणि चेन ओढून बघायची. सुटकेसचं स्वतःचं वजनच चार-साडेचार किलो असतं. उरलेल्या वजनातले चार किलो रिकाम्या बॅगेला का द्यायचे?

मेलबर्नची_लेक

हे पटलं. घरात अशी एक डफल आहे. आईच्या मोठ्या बॅगेत तळाशी घालून ठेवते.

घडीची_पिशवी

थांब! मोठी बॅग थेट मुंबईला जाणार ना? मग तळाशी घातलेली डफल चांगीला हाती कशी येणार? ती आईच्या पर्समध्येच हवी. ही चूक मी स्वतः केली आणि चार साड्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून घरी आणल्या.

काउंटरपलीकडून

मी पूर्वी एका विमानतळावर चेक-इन काउंटरला काम केलंय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून.

आधी तिकीट बघा. सामान किलोवर मोजलंय की नगावर? भारत-ऑस्ट्रेलिया मार्गावर बहुतेक वेळा किलोवर असतं, अमेरिकेला नगावर. किलोवर असेल तर मेलबर्नला जितके किलो दिले ते वजा करून उरलेल्यात तुम्ही थांब्याच्या ठिकाणी आणखी एक बॅग देऊ शकता. नगावर असेल आणि दोन्ही नग आधीच दिले असतील, तर तिसऱ्या बॅगेचे पैसे पडतील, मग ती तीन किलोची का असेना. काही कंपन्या मधल्या थांब्यावर नवी बॅग घ्यायला कुरकुर करतात, म्हणून तिकिटाच्या कंपनीला आधी फोन करा आणि मेलबर्नच्या काउंटरवरही तोंडाने विचारून घ्या. मेलबर्नला मिळालेले सामानाचे टॅग जपून ठेवायला सांगा. चांगीला त्यावरूनच आधीचं वजन बघतील.

दोघं एकाच बुकिंगवर असतील तर बहुतेक ठिकाणी वजन एकत्र धरतात. हेही विचारूनच.

बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर ही बहुतेकांची नेहमीची मर्यादा. मोजताना चाकं आणि हँडलही धरतात. अठ्ठावीस इंची म्हणून विकतात त्या बॅगा या काठावर किंवा थोड्या पलीकडे असतात. एका बॅगेत ३२ किलोंपेक्षा जास्त बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण ती शेवटी एका माणसाला उचलायची असते.

डफल किंवा चौकड्यांची पिशवी दिलीत तर कर्मचारी कदाचित एका टॅगवर सही मागतील: बॅग फाटली तर जबाबदारी तुमची, असा त्याचा अर्थ. घाबरायचं काही नाही, पण काचेच्या बाटल्या त्यात नकोत. पॉवर बँक हातातल्या सामानातच. आणि ज्या बॅगेतली बॅटरी काढता येत नाही अशी बॅग घेऊच नका, विमानात घेणार नाहीत.

मेलबर्नची_लेक

तिकीट बघितलं. किलोवर आहे, दोघांना तीस-तीस. एकाच बुकिंगवर. काल घरच्या काट्यावर बॅगा २४ आणि २६ भरल्या, म्हणजे दहा किलो हातात. कंपनीला फोन केला, चांगीला काउंटरवर घेतील म्हणाले.

ऑकलंडचा_पाऊस

डफलच्या बाजूने सगळे बोलतायत म्हणून माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी अशाच थांब्यात घाईघाईत एका दुकानातून सर्वांत स्वस्त चार चाकांची बॅग घेतली. बाहेर पडून पहिल्याच पदपथावर एक चाक गेलं. मुंबईला पट्ट्यावरून उचलताना वरचं हँडल हातात आलं आणि बॅग पट्ट्यावरच राहिली. आत आजीसाठी घेतलेला काचेचा दिवा होता, त्याचे तुकडे झाले. आजी म्हणाली तू आलास तेच पुरे, पण मला अजून तो दिवा आठवतो.

तरीही मी चाकांच्याच बाजूचा. काकांचा गुडघा दुखतोय. नऊ-दहा किलोंची डफल खांद्यावर कोण घेणार? स्वस्त घ्या, पण पारखून घ्या.

बॅगेचा_डॉक्टर

दादरला आमचं बॅगा दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी बावीस वर्षं बसतो. वर ज्यांचं हँडल हातात आलं त्यांच्यासारखे पाच जण तरी रोज येतात. त्यामुळे स्वस्त बॅगेत काय बघायचं ते सविस्तर लिहितो. दुकानात पाच मिनिटं लागतात.

चेन. रनर उलटा करून मागे बघा, बहुतेक रनरवर आकडा असतो: ५, ८ किंवा १०. जेवढा मोठा तेवढी चेन जाड. मोठ्या बॅगेच्या मुख्य चेनला ५ असेल तर बॅग खाली ठेवा. मग चेन दहा वेळा उघडबंद करा, कोपऱ्यावर विशेष लक्ष. कोपऱ्यावर अडते ती भरल्यावर फाटते.

चाकं. चारपेक्षा दोन बरी, हे माझं ठाम मत. दोन चाकांच्या बॅगेची चाकं अर्धी बॅगेच्या आत बसलेली असतात, त्यांना मार कमी लागतो. चार चाकांची पायासारखी बाहेर येतात आणि सामान फेकलं की आधी तीच आपटतात. बॅग उलटी करा आणि चाक स्क्रूने बसवलंय की रिबिटने ते बघा. स्क्रू असेल तर कुठलाही कारागीर अर्ध्या तासात बदलून देईल. रिबिट असेल तर ते कापायलाच वेळ जातो. मग फरशीवर एकाच चाकावर बॅग थोडी चालवून बघा. कडक प्लास्टिकचं चाक खडखडतं, रबरासारखं असेल तर आवाज दबका येतो.

ट्रॉलीचा दांडा. पूर्ण वर ओढा आणि दोन्ही हातांनी पिळल्यासारखा करा. थोडा खेळ असणारच, पण डुगडुगला तर नको. मग आतलं अस्तर बघा. अस्तराला तळाशी स्वतंत्र चेन असेल तर बनवणाऱ्याने दुरुस्तीचा विचार केलाय. दांड्याचे स्क्रू त्या अस्तरामागे असतात. चेन नसेल तर आम्हाला अस्तर फाडावं लागतं.

वरचं हँडल. याच्यावरच सगळा भार येतो आणि हेच कुणी बघत नाही. बॅग बंद करून हँडलला धरा आणि दोनतीन जोरदार झटके द्या. मुळाशी कापड किंवा प्लास्टिक ताणलं जाताना दिसलं तर दुसरी बॅग बघा.

फायबरची घेणार असाल तर मधोमध अंगठ्याने दाबा. दबून परत वर आली तर बरी. दाबलेल्या जागी पांढरा व्रण उमटला तर ती ठिसूळ, थंड जागी आपटली की तडकते. माझ्या मते दहा किलोंसाठी कापडी, दोन चाकांची, चोवीस इंची बॅग सर्वांत चांगली.

नंबरचं कुलूप असेल तर दुकानातच नंबर लावून, बंद करून, उघडून बघा. छोटं बटण चुकून दाबलं जातं, भलताच नंबर बसतो आणि मुंबईला उतरल्यावर कुलूप तोडायला लोक माझ्याकडे येतात.

मेलबर्नची_लेक

दादा, हे सगळं बाबांनी वहीत उतरवून घेतलंय. आकृत्या काढून. तुमचे मनापासून आभार.

सेरंगूनकर

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आता रस्ता सांगतो.

एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, स्टेशन टर्मिनल दोन आणि तीनच्या खाली. एकच स्टेशन जाऊन एक्स्पोला उतरायचं, तिथून डाउनटाउन लाइन धरून थेट जालान बसार. एकदाच गाडी बदलायची. सगळं मिळून पाऊण तास धरा. तिकीट काढायची गरज नाही, फाटकावर बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. जालान बसारहून मुस्तफा दहा मिनिटं चालत. फॅरर पार्क स्टेशन त्याहून जवळ आहे, पण तिकडे जायला गाड्या जास्त बदलाव्या लागतात. काकांसाठी जाताना गाडी आणि येताना टॅक्सी करा. टॅक्सीचे पंचवीस-तीस डॉलर होतील, पण बॅगेसकट जिने चढउतार नको.

मुस्तफात शिरताना दारावर तुमच्या हातातल्या पिशव्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकतात. म्हणून पाकीट, पासपोर्ट, चष्मा, यादी आधी बाहेर काढून ठेवा. बॅग घ्यायची कधी, यावर इथे दोन मतं असतात. मी म्हणेन शेवटी, बाकीची खरेदी झाल्यावर. म्हणजे केवढी बॅग लागणार ते डोळ्यांसमोर असतं आणि रिकामी बॅग घेऊन चिंचोळ्या वाटांतून फिरावं लागत नाही. आत वाटा खरंच अरुंद आहेत.

पूर्वी हे दुकान चोवीस तास उघडं असायचं, आता रात्री दोनपर्यंत. तुम्हाला भरपूर वेळ आहे.

घडीची_पिशवी

शेवटी बॅग घेतली तर तोवर सगळं सामान हातात. त्यासाठी ढकलगाडी घ्या, आणि डफल पर्समध्ये असू द्याच. बॅग पसंत नाही पडली तर डफल आहे.

हिशेबी_गृहिणी

जीएसटी परतावा कुणी सांगितला नाही म्हणून लिहिते. सिंगापुरात ९ टक्के जीएसटी आहे, २०२४ पासून. पर्यटकाने एका दुकानातून किमान १०० डॉलरची खरेदी केली तर तो परत मिळू शकतो, त्याच दुकानाची एकाच दिवसाची तीनपर्यंत बिलं एकत्र करूनही चालतात. बिलाच्या वेळी मूळ पासपोर्ट दाखवायचा. फोटो चालत नाही. पूर्ण ९ टक्के हातात येत नाहीत, थोडी फी कापतात.

यात एक खाच आहे. माल चेक-इनच्या बॅगेत जाणार असेल तर आधी निर्गमन हॉलमधल्या परताव्याच्या यंत्रावर जायचं आणि मग काउंटरवर बॅग द्यायची. तपासणीला माल दाखवायला सांगू शकतात. बॅग आधी दिली तर दाखवणार काय? म्हणून नव्या बॅगेला कुलूप शेवटी लावा आणि बिलं हातात ठेवा.

काउंटरपलीकडून

बरोबर. आणखी एक. काकांसाठी व्हीलचेअर मागितली असेल तर चांगीला उतरल्यावर मदतनीस तुम्हाला पुढच्या विमानाच्या दिशेने नेऊ लागेल. त्याला लगेच सांगा की आम्हाला इमिग्रेशनमधून बाहेर जायचंय. परत आल्यावर काउंटरवर पुन्हा व्हीलचेअर मागा. साडेआठपर्यंत विमानतळावर या.

मेलबर्नची_लेक

व्हीलचेअर मागितलेली आहे, हे अगदी वेळेवर सांगितलंत. सगळं छापून आईच्या पर्समध्ये घातलं. डफलही. उद्या सकाळी निघतायत. घर आत्तापासूनच रिकामं वाटतंय.

सेरंगूनकर

काही अडलं तर इथे लिही, शनिवारी दुपारी मी फोन जवळ ठेवतो. जेवायला सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं, शाकाहारी. पाय दुखले तर तिथे निवांत बसा.

मेलबर्नची_लेक

पोहोचले! आईने फोनवर तासभर सगळं सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते.

इमिग्रेशनला फारसा वेळ लागला नाही. जालान बसारला सव्वातीनला उतरले. आईची खरेदी तीन तास चालली. बाबा त्यातला निम्मा वेळ बाहेर चहा घेत एका तंजावरच्या माणसाशी बोलत बसले होते, तोही त्या रात्री घरी निघाला होता. मुलीसाठी सायकल न्यायची होती, पण वजनात बसत नव्हती, म्हणून तिच्यासाठी बूट घेतले होते त्याने.

मग बॅग. बाबांनी वही काढली आणि सात बॅगांची परीक्षा घेतली. पहिल्या चार चेनवरच बाद. पाचवीचा दांडा डुगडुगला. सहावी सगळ्यात देखणी होती, आईला फार आवडली, पण चाकं रिबिटची. सातवी निळी, कापडी, दोन चाकांची, रनरवर ८ आकडा, अस्तराला तळाशी चेन. ४२ डॉलर. विक्रेत्याने विचारलं, तुमचा बॅगांचा धंदा आहे का? बाबा म्हणाले, नाही, दादरला आमचे डॉक्टर आहेत.

परताव्याचं यंत्र, मग काउंटर, सगळं हिशेबी ताईंनी सांगितलेल्या क्रमाने. बॅग काट्यावर ९.४ किलो भरली. सही वगैरे काही मागितली नाही.

शेजारच्या काकूंना डोकेदुखीवरचं अ‍ॅक्सचं तेल, टायगर बाम आणि एक मनगटी घड्याळ दिलं. काकूंनी बाल्कनीत नेऊन कुंड्या दाखवल्या. मोगऱ्याला कळ्या आल्यात.

ऑकलंडचा_पाऊस

वाचून फार बरं वाटलं. पुढच्या महिन्यात मीही सिंगापूरमार्गेच जातोय. काचेचा दिवा पुन्हा घेणार आहे, या वेळी हातातल्या सामानात.

बॅगेचा_डॉक्टर

वडिलांना नमस्कार सांगा. रिबिटची नाकारली हे फार चांगलं केलं. चाकं बघितलीत का घरी आल्यावर? पहिल्या प्रवासानंतर स्क्रू एकदा आवळून घ्यायचे असतात.

मेलबर्नची_लेक

बाबांनी आल्याच दिवशी आवळले. आणि बॅग आता आमच्याकडे नाहीच. काकू भाचीच्या बारशाला कोल्हापूरला निघाल्या होत्या आणि त्यांच्या बॅगेची चेन तुटलेली होती. आईने निळी बॅग त्यांना दिली.